तांबड्या बाणांचं परीक्षण

माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी जिवावर उदार होऊन जिंकलेली टेकडी मी गेल्या वर्षी बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये एसीत बसून हरलो.

सासरे म्हणजे अप्पा. मूळचे बेळगावकडचे, पायदळातले निवृत्त सुभेदार, आणि आता कित्येक वर्षं राजाजीनगरचे रहिवासी. मी पुण्याचा, एका स्टार्टअपच्या यूएक्स टीममध्ये ॲपचे स्क्रीन डिझाइन करतो. (म्हणजे नक्की काय करतो, हे अप्पांना लग्नाआधी एकदा आणि लग्नानंतर चारदा समजावून सांगितलं. "म्हणजे बटणं रंगवता," असं ते म्हणाल्यावर मी नाद सोडला.)

अप्पांनी त्या टेकडीच्या लढाईवर पुस्तक लिहिलं, ते भैरूसाठी. भैरू हा त्यांचा पलटणीतला जिवलग दोस्त. टेकडीच्या माथ्यावर सगळ्यांत आधी तो पोचला आणि तिथंच कायमचा राहिला. त्या युद्धावरच्या जाडजूड पुस्तकांत टेकडीला जेमतेम एक ओळ मिळालेली आणि भैरूला तेवढीही नाही.

"माझं कौतुक नको बघा," अप्पा म्हणायचे. "पण कुणीतरी जाणत्यानं वाचून भैरूचं नाव लिवलं पाहिजे. मी लिवलं तर काय, दोस्तानं दोस्ताबद्दल लिवलं म्हणतात की!"

थोडक्यात, अप्पांना परीक्षण हवं होतं, आणि त्यात भैरूचं नाव.

"नकाशे मी काढतो!" मी म्हणालो. (हे वाक्य माझ्या तोंडून कुणीही जबरदस्तीनं वदवून घेतलेलं नाही, याची नोंद व्हावी.)

अप्पांनी पेन्सिलीनं काढून दिलेल्या नकाशात इतके आकडे, खुणा आणि चिन्हं होती की माझ्या डिझायनर जिवाला घेरीच आली. मी सगळं झाडून काढलं. उरले ते फक्त देखणे बाण: आपले तांबडे, शत्रूचे निळे. कुठला रंग कुणाचा, हे सांगणारी कोपऱ्यातली चौकटसुद्धा मी उडवली.

"अरे, ती कशाला काढलीस?" माझी बायको दीपा म्हणाली.

"चांगलं डिझाइन समजावून सांगावं लागत नाही."

"मग तू काय काम करतोस, ते अप्पांना पाचदा का सांगावं लागलं?"

मी दुर्लक्ष केलं. एकच नाव मात्र नकाशात ठेवलं, कारण अप्पांनी तेवढा हट्टच धरला होता. माथ्यावर, तांबड्या बाणाच्या अगदी टोकाशी, लिहिलं: 'भैरू'. अप्पांनी नकाशे तपासले, पण आमच्या प्रिंटरमधली रंगीत शाई संपलेली, त्यामुळं त्यांनी मंजुरी दिली ती काळ्या बाणांना. पुस्तक छापून आल्यावर त्यांनी फक्त अर्पणपत्रिका उघडली, डोळे पुसले आणि प्रती वाटत सुटले.

पहिलं परीक्षण मराठी मंडळाच्या अंकात आलं. कॉलेजात शिकवणारे एक समीक्षक भलतेच हेलावले होते. 'मजकुरात विजय आणि नकाशात पराभव! युद्धाचे सत्यच लेखकाने दुभंगून दाखवले आहे. इतके धाडस आपल्याकडे क्वचितच आढळते.'

अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "कुणाचा पराभव? आमी जिंकलो की हो!"

"समीक्षक असंच लिहितात, अप्पा. पुस्तक फार आवडलं की त्यांना हरल्यासारखं वाटतं," मी ठोकून दिलं.

"भैरूचं नाव नाही यात."

"येईल! कर्नलसाहेबांचं परीक्षण यायचंय ना अजून."

कर्नलसाहेब म्हणजे व्हाइटफील्डला राहणारे एक निवृत्त अधिकारी. माजी सैनिकांच्या त्रैमासिकात ते युद्धावरच्या नव्या पुस्तकांचा समाचार घ्यायचे, आणि त्यातून धडधाकट बाहेर आलेला लेखक अजून कुणी पाहिलेला नव्हता. त्यांचं परीक्षण आलं तेव्हा अप्पांनी ते मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. मीही हौसेनं सुरुवात केली!

'लेखक लिहितात, टेकडी आपण घेतली. नकाशा सांगतो, शत्रूने घेतली. नकाशावर भरवसा ठेवायला आम्हाला फौजेत शिकवले जाते, तेव्हा टेकडी गेली असे धरून चालू. मात्र शत्रूच्या तुकडीत सर्वांत पुढे भैरू नावाचा इसम काय करत होता, याचा लेखकाने खुलासा करावा.'

अप्पा उठले, पुस्तक आणलं आणि पहिल्यांदाच नकाशाचं पान उघडलं.

"जावईबापू, ही निळी कोण?"

"शत्रू."

"आणि तांबडी?"

"आपण! तांबडा म्हणजे जोश, अप्पा! ऊर्जा!"

"आमच्या फौजेच्या नकाशात आपण निळे आणि शत्रू तांबडा हो!" अप्पा खुर्चीत बसले. "भैरूला तुमी पार तिकडं नेऊन सोडलासा की."

"निखिल," दीपानं मला विचारलं, "तुमच्या ॲपमध्ये काहीतरी बिघडलं की कुठला रंग दाखवता?"

"तांबडा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते नुसते बाणाच्या टोकावरून बोट फिरवत बसले होते, आणि मला भयंकर वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन व्हाइटफील्डला निघालो. "स्वल्प ट्रॅफिक, सार," ड्रायव्हर म्हणाला. (बेंगळुरूतला स्वल्प ट्रॅफिक! तेवढ्यात माझं माफीचं भाषण मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पाठ झालं.) पण कर्नलसाहेबांनी दार उघडलं आणि मी तिन्ही भाषा विसरलो.

"साहेब, हे आमचे जावई. नकाशे यांनीच काढले," अप्पांनी मला पुढं केलं.

"कुठल्या युनिटमध्ये होता?"

"यूएक्स टीम, सर."

"कधी ऐकलं नाही. बसा." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "नको. उभेच राहा."

मी उभ्या उभ्याच सगळं कबूल केलं. तांबडा जोश, उडवलेली चौकट, शाई संपलेला प्रिंटर. कर्नलसाहेबांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी टेबलावरच्या नाश्त्याच्या बशा बाजूला सारल्या आणि अप्पांना म्हणाले, "सुभेदारसाहेब, आता तुम्ही दाखवा. सुरुवातीपासून."

अप्पांनी पाण्याचा जग मधोमध ठेवला, ती टेकडी. इडल्या झाल्या शत्रूचे मोर्चे. माझा फोन मागून घेतला, त्याचा ओढा केला. चमचे एकेक करत चढू लागले. कर्नलसाहेब मध्येच अडवून विचारत, "इथून तोफ दिसत होती?" आणि अप्पा ताडकन उत्तर देत. गडबडीत सांबार ओढ्यात शिरलं. (फोन त्या दिवसापासून फक्त स्पीकरवर चालतो.) शेवटी एकच चमचा जगाच्या कडेशी पोचला आणि अप्पा थांबले.

"हितनं वर तो एकटाच गेला, साहेब. आमी मागनं पोचलो तवर..."

कर्नलसाहेब खुर्ची मागं सारून उभे राहिले.

"त्याचं पूर्ण नाव सांगा, सुभेदारसाहेब," ते म्हणाले. "गावाचंही."

त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात त्याच पुस्तकाचं दुसरं परीक्षण आलं. या वेळी अप्पा स्वतः वाचत होते, एकेका शब्दावर थांबून. सुरुवातच भैरूच्या पूर्ण नावानं होती, गावासकट. तो कसा चढला, त्याच्यामुळं मागच्यांना वाट कशी मिळाली, सगळं होतं. 'हे पुस्तक प्रत्येक पलटणीने वाचावे,' असंही होतं. अप्पा वाचता वाचता रडत होते, हसत होते, आणि दीपाला "पोरी, आणखी एकदा ऐक की" म्हणून पुन्हा पहिल्या ओळीवर जात होते. इतका आनंद मी त्या घरात आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"पुढं वाचा ना, अप्पा," मी न राहवून म्हणालो. सांबारापायी फोनचा त्याग केल्यावर माझ्याबद्दलही एखादा बरा शब्द असेल, अशी मला आशा होती.

होता. शेवटच्या ओळीत.

'नकाशे कोणी काढले, हे लेखकाने पुस्तकात कुठेही उघड केलेले नाही. शत्रूशीसुद्धा इतक्या सभ्यतेने वागणारा सैनिक मी प्रथमच पाहिला.'