आक्काचं अळणी ताट

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही, हे आधीच सांगून टाकते. नर्सची नोकरी करणाऱ्या बाईला भुतं बघायला वेळ नसतो. अंथरुणं, जखमा, औषधं, जेवणं... माझा दिवस याच क्रमाने जायचा. तरीही एक गोष्ट मला सुटलेली नाही.

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं. हिंगोलीच्या एका लहान दवाखान्यात बायकांचा वॉर्ड माझ्याकडे होता. हट्टा गावची सरूबाई तिथे आली ती पाय भाजून. तिला म्हातारचळ लागलेला – चूल पेटलेली आहे हेच विसरली आणि निखाऱ्यांत पाय दिला. पोटच्या मुलाला, मारोतीला, ती "पाव्हनं" म्हणायची. हे सगळं सांभाळता येतं. पण ती जेवेना. घास तोंडाशी नेला की मान फिरवायची. पोटात अन्न नाही म्हणून जखम भरेना, आणि मारोतीने मनाशी ठरवलेलं, की मायला झाड लागलंय, म्हणजे भुताने धरलंय, भगताकडे न्यायचं. हा भगत मिरच्यांची धुरी द्यायचा. तशा अंगावर धुरी दिली असती तर ती वाचली नसती.

मी जवळ बसून विचारलं, "सरूबाई, काहून जेवंना तुमी?"

तिने शेजारच्या रिकाम्या खाटेकडे बोट केलं. "आक्का जेवल्याबिगर? लोक काय म्हनतील?"

आक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, कधीच वारलेली. थोरलीच्या आधी धाकटीने घास उचलायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं, रीत तेवढी शाबूत. मी वाद घातला नाही. रिकाम्या खाटेवर ताट मांडलं – वरणात कुस्करलेली भाकरी. सरूबाई जरा थांबली, "वाढा की आक्काला अजून" म्हणाली, आणि मग स्वतःचं ताट चाटूनपुसून जेवली.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांना हे पटेना. "सिस्टर, आप इसका वहम बढ़ा रही हैं।"

"वजन बढ़ा रही हूँ, साहब."

ते पुढच्या खाटेकडे गेले.

आक्काचं न शिवलेलं ताट वाया कशाला, म्हणून आमची आया गयाबाई ते खायची. एका दुपारी ती कुरकुरली, "सिस्टरबाई, याच्यात मीठ काहून न्हाई? रोजचंच आळनी."

वरण तर एकाच पातेल्यातलं. मी दोन्ही ताटांतलं चाखलं. सरूबाईच्या ताटात मीठ बराबर. आक्काच्या ताटातलं... नुसतं पाणी.

मग मी माझ्या पद्धतीने तपासायला घेतलं. मीठ स्वतः घातलं. वाढण्याआधी चाखलं, खारट होतं. स्टूल ओढून भर दुपारी खाटेला खेटून बसले, नजर ताटावर. कुणी हात लावला नाही, माशीही बसू दिली नाही. सरूबाईचं जेवण उरकल्यावर चाखलं – अळणी. तेच वरण पलीकडच्या दुसऱ्या रिकाम्या खाटेवर ठेवून पाहिलं; तिथे मीठ जागच्या जागी. ताटं बदलली, पातेलं बदललं, आक्काचा वाटा मुद्दाम खारट केला. तेच.

नेमका त्याच वेळी मारोती बैलगाडी घेऊन आला. गयाबाईने दारातच त्याला सगळं सांगितलं. त्याने आक्काच्या ताटात बोट घालून चाखलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजी खरंच हाय. आक्का गेली तवा मी पाळन्यात व्हतो. तिनंच धरलंय मायला. आजच नेतो."

मी दारात आडवी उभी राहिले. तसं काही नसतं असं आता कुठल्या तोंडाने सांगणार? मीही चाखलेलं होतं. मग मी आक्काचीच बाजू घेतली.

"मारोती, तुझी माय जेवते कुणासंगं?"

"आक्कासंगं."

"आणि तू भरवलंस तर?"

"तोंड फिरवते."

"मग भगतानं आक्काला हाकललं, तर उद्या मायला कोण जेवू घालणार? तू का भगत?"

त्याने आत मायच्या खाटेकडे पाहिलं.

"आक्का असेल तर असू दे. माझ्या वॉर्डात ती गोंधळ घालत नाही, बिड्या फुंकत नाही, भेटीची वेळ संपली तरी बसून राहात नाही. तुम्हा नातेवाइकांपेक्षा बरी."

गयाबाईने तोंडाला पदर लावला. आतून सरूबाईचा आवाज आला, "कोन पाव्हनं आलंय? आक्काला इचारा, भाकरी टाकू का?"

मारोती दारातूनच मागे फिरला. मग गाडी रिकामी परत गेली.

जखम भरली. सरूबाई आपल्या पायाने घरी गेली. सुनेला मी बजावून सांगितलं – दोन ताटं, आधी आक्काचं. पुढे सुगी झाल्यावर मारोती हिंगोलीच्या बाजारात भेटला. माय अंगाने भरलीय म्हणाला. "मला अजून पाव्हनंच म्हनते."

"आणि आक्काच्या ताटातलं मीठ?"

"आमी चाखत न्हाई, सिस्टरबाई. दुसऱ्याच्या ताटात काहून तोंड घालायचं?"

जिभेचा भ्रम म्हणणाऱ्यांनी आधी आम्हा तिघांच्या जिभांचा हिशोब द्यावा. भुतावर माझा विश्वास नाही. पण आजही एखादी म्हातारी रिकाम्या खाटेकडे बोट दाखवून उपाशी बसली, तर मी कुणालाही न विचारता तिथे ताट मांडते. आणि मी चाखते. त्यानंतर एकदाही मीठ कमी निघालेलं नाही... मग त्या खाटेवरचं मीठ कुठे जात होतं, ते मला अजून सांगता येत नाही.