गुरुवारची मोजणी

भोसरीत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली आहे. तिथे चार भाडेकरू राहतात, असं मी पोलिसांकडच्या पडताळणीत लिहून दिलं होतं. राहत होते आठ. चौघे दिवसपाळीचे, चौघे रात्रपाळीचे, आणि गाद्या चारच. एक उठून कामावर गेला की त्याच्याच गादीवर दुसरा येऊन झोपायचा. कधीही दार उघडून मोजलं असतं तरी चारच डोकी भरली असती. त्यामुळे आपण खोटं लिहिलंय असं मला वाटायचंही नाही. फक्त गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. त्या दिवशी आठही जण घरी असायचे आणि मी जिना चढायचं टाळायचो.

आठांची नावं न देण्याचं कारण साधं होतं. वरच्या मजल्याला महापालिकेची परवानगी नाही. चौघांसाठी कोणी खोलात जात नाही. आठ म्हटलं की कोणीतरी खोलीचे कागद मागणार.

यंदा भाडेकराराची मुदत संपली. नवा करार झाला, पडताळणीचा अर्ज पुन्हा भरला, आणि बुधवारी आमच्या भागाच्या हवालदारांचा फोन आला. "उद्या येतो. गुरुवार आहे, तुमची मंडळी घरीच सापडतील."

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळीच वर गेलो आणि कागदावर नसलेल्या चौघांना म्हणालो, "हवालदार येऊन जाईपर्यंत बाहेर थांबा. मी फोन करतो. आणि कोणी विचारलं तर या घराचं नाव काढू नका."

"काका, आम्ही काय दरोडा घातलाय का?" एक पोरगा हसत म्हणाला.

"दरोडा घातला असता तर भाडं येळेवर दिलं असतं की रे," दुसरा म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, पण माझं लक्ष खालच्या फाटकाकडे होतं.

चौथा हसला नाही. जालन्याकडचा, वयाने त्या सगळ्यांत मोठा, कंपनीत प्रेस मशीनवर काम करणारा. तो पांघरूण घेऊन पडला होता. "काका, अंग लई फणफणायलंय. मी हितंच कोपऱ्यात पडतो. कोणाला दिसायचो न्हाई."

त्याच्या अंगाची धग मला उभ्या उभ्या कळत होती. तरी मी म्हणालो, "थोड्या वेळाचा प्रश्न आहे, भाऊ." तो उठला, भिंतीला धरत जिना उतरला. मी खिडकीतून पाहत राहिलो, तो लवकर वळणापलीकडे जावा म्हणून.

हवालदार आले दुपार कलल्यावर. चहा घेतला, चौघांची आधारकार्डं पाहिली, खोलीवर नजर फिरवली. "चारच? बरं ठेवलंय तुम्ही. नाहीतर बाकीचे मालक खुराड्यात कोंबड्या भरतात तशी माणसं भरतात." मी मान डोलावली. ते गेल्यावर मी तिथेच जिन्यावर बसलो.

मग फोन केले. तिघे परत आले. चौथ्याचा फोन वरच्याच खोलीत वाजला. घाईत तो चार्जिंगला तसाच राहिला होता.

संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग स्कूटर काढून बसथांबा, बाग, देवळाचा मंडप सगळं पालथं घातलं. चौकाच्या कडेला कोणी आडवं पडलेलं दिसलं की स्कूटर थांबवायचो. जवळ जाऊन बघायचो, दुसराच कोणी असायचा. परत आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. ती चाकणकडची, माझ्याहून धीट.

"पोलिसांना सांगा."

"काय सांगू? कुठून हरवला म्हणून सांगू?"

"आपल्या घरातनं. दुपारी च्या पाजला की त्यांला. आता बोलायला काय झालं? मानूस मेला तर त्याच्या बायकोला काय सांगनार हाय?"

मी फोन लावला. "साहेब, दुपारी चार म्हणालो होतो. आठ आहेत. त्यातला एक तापाने आजारी होता, तो सापडत नाही."

हवालदार म्हणाले, "ठाण्यावर या. त्याचा फोटो घेऊन या. खोलीचे कागदही आणा."

मी गेलो. हवालदारांनी दोन-चार फोन केले आणि मला मोटारसायकलवर मागे बसवून महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. सुट्टीमुळे बंद असलेल्या त्याच्या कंपनीच्या फाटकाशी तो पडलेला होता, तिथल्या वॉचमनने ॲम्ब्युलन्स बोलावली होती. दवाखान्याच्या नोंदीत नाव होतं, पत्त्याची जागा कोरी. नर्स म्हणाल्या, "शुद्धीवर होते हो. दोनदा विचारलं. सांगायलाच तयार नाहीत."

त्याला सलाईन लावलेलं होतं. मला पाहून त्याने डोकं उचललं आणि हळूच विचारलं, "साहेब गेले का, काका?"

माझ्या मागून हवालदारच म्हणाले, "नाही गेलो अजून. झोप तू."

पत्ता मी सांगितला. तो लिहून होईपर्यंत हवालदार माझ्याकडे पाहत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तो बरा झाला. मी आठांची नावं लिहून दिली. मजल्याच्या परवानगीबद्दल नोटीस आली आहे, ती आज ना उद्या येणारच होती. पण हवालदारांनी बजावलं की या खोलीत चारांच्या वर माणूस दिसता कामा नये. करारावर ज्यांची नावं होती ते राहिले. बाकीच्या चौघांना दुसरी जागा शोधावी लागली. त्यात तोही होता. माझ्या खरं बोलण्याची किंमत अशी त्यालाच मोजावी लागली. जाताना त्याने मला नमस्कार केला. मला तो घेववला नाही.

आता तो मोशीकडे राहतो असं ऐकतो. नव्या मालकाने त्याचं नाव कागदावर घातलंय का, हे त्याला विचारायला बऱ्याचदा फोन हातात घेतो. तो नाही म्हणाला तर पुढे काय बोलायचं, या भीतीने ठेवून देतो.