डाव्या पायाचा धीर

भातखाचराच्या बांधाला बिळं असतात आणि बिळांत खेकडे असतात. आमच्या मुळशीकडची पोरं ते तारेनं उकरून काढतात. मोठी माणसं हात घालतात आणि शिव्या देत बाहेर काढतात. मी डावा पाय घालायचे. अंगठा बिळात सरकवायचा, गुडघ्याला ओढ जाणवेपर्यंत थांबायचं आणि पाय मागे घ्यायचा, की अंगठ्याला लटकलेला खेकडा आपसूक वर. रक्त यायचं, पण मी कधी रडले नाही. "लई धीराची हाय पोर," चुलती येईल त्याला सांगायची आणि मी अशी फुशारून जायचे की विचारू नका. नऊ वर्षांची होते. धीरबीर काही नव्हता, त्या पायाला काही कळतच नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांचा एक पाय असाच असतो.

तो पाय उजव्यापेक्षा बारीक होता, आखूडही. चपलांचा जोड घेतला की डावी ढिली पडायची. आई तिच्यात चिंधी कोंबून द्यायची. पाय बारीक का, तर मी नीट जेवत नाही म्हणून. अंथरूण ओलं का होतं, तर थंडीमुळे. आमच्या घरात उत्तरांची कधी टंचाई नव्हती.

आणि कमरेच्या जरा वर, मणक्यावर, माझ्या केसांचा एक झुबका होता. काळाभोर, चांगला बोटभर लांब. तो देवीनं दिलेला, त्याला कात्री लावायची नाही, असं मी जन्मले तेव्हाच ठरून गेलं होतं. दर मंगळवारी आई मला पालथं निजवून त्या केसांना खोबरेल लावायची, बोटांनी विंचरायची आणि हळू आवाजात काहीबाही सांगत राहायची. एरवी तिला बोलायला सवड नसे. शेत, जनावरं, चूल, सासू, सगळं एकटीवर. त्या मंगळवारांची मला अजून इतकी आठवण येते की पाठीवर कुणी हात ठेवला तरी माझे डोळे भरतात.

दोन हजार सालच्या थंडीत आम्ही अंगणात शेकोटीभोवती बसलो होतो. मी भाजलेल्या शेंगा खात होते. "कसला वास येतोय गं?" चुलतीनं विचारलं. माझी डावी टाच निखाऱ्यावर होती.

मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांनी जखमेकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त पाहिलं. मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "सुई टोचली की सांग." मी वाट पाहत राहिले. शेवटी मीच कंटाळून म्हणाले, "टोचा की आता!" त्यांचं तोवर चारपाच ठिकाणी टोचून झालं होतं. मग त्यांनी मला पालथं केलं, फ्रॉक वर केला आणि तेलानं चमकणारा तो झुबका पाहून आईला विचारलं, "हे कधीपासून?"

"जन्मापास्नं. देवीचं हाय," आई म्हणाली. केवढ्या अभिमानानं म्हणाली!

त्यांनी आम्हाला पुण्याला पाठवलं. तिथे एमआरआय झाला. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून आईला साध्या शब्दांत सांगितलं. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो, माझा तो मी आईच्या पोटात असतानाच दुभंगला होता आणि मधे हाडाची खुंटी तयार झाली होती. रज्जू त्या खुंटीला अडकलेला, म्हणून मी उंच होत होते तसा तो ताणला जात होता. पाठीवरचे केस ही आतल्या बिघाडाची वरून दिसणारी खूण होती. आईनं मान खाली घातली. ज्या खुणेला ती इतकी वर्षं तेल लावत आली होती, ती धोक्याची होती.

"ऑपरेशन करून खुंटी काढू, रज्जू मोकळा करू," डॉक्टर म्हणाले. "आहे ते टिकेल. उजवा पाय वाचेल. लघवीचा त्रास बहुतेक कमी होईल. डाव्या पायाची गेलेली जाणीव परत येईल का, ते आज सांगता येत नाही. पाहू."

आईनं एवढ्या सगळ्या बोलण्यातलं 'पाहू' तेवढं घरी आणलं.

ऑपरेशनच्या आधी केस काढायला नर्स आली, तेव्हा आई खोलीबाहेर निघून गेली. ऑपरेशन चांगलं झालं. अंथरूण कोरडं राहू लागलं, मी शाळेत चालत जाऊ लागले. सगळे खूश होते. आई मात्र खूश नव्हती.

ती रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मला भिंतीला टेकून बसवायची, डोळे मिटायला सांगायची आणि केरसुणीची काडी डाव्या पायावरून फिरवायची. "कळलं?"

"न्हाई."

"ऱ्हाऊ दे. उद्या कळंल."

वर्षं गेली. खाचरं विकली गेली, तिथे रिसॉर्टचं कुंपण आलं, मी दहावी झाले, आणि काडी चालूच. मला त्या पायाचं एवढं काही राहिलं नव्हतं. मला तिच्यासाठी कळायला हवं होतं. काटा रुतल्यासारखं दुखलं असतं तरी मी नाचले असते.

एका संध्याकाळी डोळे मिटून बसले होते. तिच्या बांगड्या वाजल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कळलं!"

"कुटं?"

"अंगठ्याला."

मी डोळे उघडले. काडी जमिनीवर पडली होती. आई पदरानं तोंड पुसत होती.

"म्या लावलीच न्हाई अजून," ती म्हणाली.

मग तिनं तो पाय उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. मला ते नुसतं दिसत होतं.