चिंचोके कोणी मांडले

माझ्या नातवंडांनो,

थोरलीनं गेल्या महिन्यात तिच्या लेकाच्या शाळेतून आलेला एक कागद मला पाठवला. पाच वर्षांच्या मुलाला मार्क न देता त्याच्या बाईंनी त्याच्याबद्दल एक गोष्ट लिहिली आहे. त्यानं ओल्या वाळूचा बांध कसा घातला, तो फुटल्यावर काय केलं, मग दगड शोधायला कुठं गेला. कागद वाचून मला बरं वाटलं. खाली थोरलीनं विचारलं होतं, "आजी, तुझ्या वेळी असं काही होतं का गं?"

होतं. अशा गोष्टी मी स्वतः लिहीत असे. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर मी त्यातला चांगला तेवढा भाग सांगितला असता. तुमच्या आजोबांनाही मी तेवढाच सांगितला होता. आता माझं वय पाहता राहिलेला भाग लिहून ठेवावा हे बरं.

दुसऱ्या महायुद्धाचे, आमच्या बोलीत लढाईचे, दिवस होते. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळेतून मी मॅट्रिक झाले. इंग्रजी चांगलं होतं, म्हणून बेलापूरजवळच्या एका गावी बालवर्गावर मला नेमलं. चर्चच्या मागं दोन खोल्या, एक ओसरी आणि एक आड. आमच्या ख्रिस्ती वस्तीतली निम्मी मुलं, निम्मी गावातल्या शेतकऱ्यांची आणि उसात कामाला जाणाऱ्यांची. सगळी मिळून सतरा. झाडलोट करायला आणि पाणी भरायला एक मावशी होती.

आमच्या बालवर्गांवर देखरेख करणाऱ्या मिससाहेबांचा एक नियम होता. सहा वर्षांच्या आतल्या मुलाची परीक्षा घ्यायची नाही. मूल काय करतं ते बघायचं आणि जसं घडलं तसं लिहायचं. 'हुशार', 'ढ', 'शहाणी' असले शब्द चालत नसत. दर महिन्याला प्रत्येक मुलाची एक गोष्ट, वर्षाला एक वही. मजकूर इंग्रजीत, कारण वह्या वरच्या मंडळींनाही वाचायच्या असत. लढाईमुळे कागद मिळत नव्हता. वही बांधीव होती आणि तिच्या पानांवर आकडे छापलेले होते, त्यामुळे पान फाडता येत नसे.

मी आठवडाभर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मराठीत टिपणं करी आणि शनिवारी दुपारी ती शाईनं वहीत उतरवी. माझ्या वहीत खाडाखोड नसे. मिससाहेब ती इतर बालवर्गांच्या बायांना उघडून दाखवत. त्याचा मला फार अभिमान होता.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. माझ्या चांगल्या गोष्टी सगळ्या बोलक्या मुलांच्या होत्या. दवाखान्यातल्या कंपाउंडरची मुलगी दिवसभर बोलत असे, आणि तिचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरत असे. शेजारी एक मुलगी बसे. तिची आई उसात खुरपणीला जाई. ही पोर काही बोलतच नसे. तिच्याबद्दल मी लिहायची : बसते. बघते. हात स्वच्छ असतात. बोलत नाही. तेवढ्या चार ओळींपुढं मिससाहेबांनी समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

दहा वाजता मुलांना गूळ-फुटाणे मिळत. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाट्या आतल्या खोलीत असत. मावशी अंदाजानं वाट्या आणी, कमी पडल्या की परत जाई. त्या दिवशी ती आडावर होती आणि मी ओसरीत एका मुलाच्या फुटलेल्या गुडघ्याला औषध लावत होते. त्याला घेऊन आत आले तर प्रत्येक मुलाच्या जागेपुढं वाटी, आणि प्रत्येक वाटीत मुलांच्या खेळातला एकेक चिंचोका. कंपाउंडरची मुलगी कमरेवर हात ठेवून मधोमध उभी.

"बाई, बघा! सतरा मुलं, सतरा वाट्या! एक जास्त नाही, एक कमी नाही!"

मी तिला शाबासकी दिली आणि टिपण केलं. शनिवारी वहीच्या एकोणिसाव्या पानावर ती गोष्ट उतरवली. पान वरपासून खालपर्यंत भरलं. वहीतली सगळ्यात चांगली गोष्ट, असं मला वाटलं.

सोमवारी मावशी झाडता झाडता थांबली.

"बाई, त्या दिशी वाट्यांचं लई कवतिक केलं तुमी."

"केलं. का गं?"

"चुकीच्या पोरीचं झालं. चिंचोकं ती खुरपणीवालीची पोर मांडत हुती. आदी दर पोराम्होरं एक एक ठेवला. मंग समदे वच्यात गोळा केले आन् आत गेली. एक चिंचोका, एक वाटी. एक चिंचोका, एक वाटी. पानी वडताना मला खिडकीतनं दिसत हुतं."

"पण मोजलं तर त्या दुसरीनं ना?"

"समदं झाल्यावर! आन् मांडनाऱ्या पोरीला मोजाया कुठं येतंय? धापर्यंत बी येत न्हाई." मावशीनं झाडू आपटला. "कोंबडं वरडलं म्हनून काय त्येनं दिस उगवला व्हय?"

मी हसले, पण मला सगळं कळलं होतं. जिला दहापर्यंत मोजता येत नाही, तिनं सतराचा हिशेब एकही चूक न करता जमवला होता, तोही स्वतःच्या डोक्यानं. मिससाहेब आम्हाला जे बघायला सांगत ते नेमकं हेच होतं. इतके दिवस ते माझ्या वर्गात पाहायला मिळालं नव्हतं, आणि घडलं त्या दिवशी मी ओसरीत होते.

दुरुस्त करायचं तर एकोणिसावं पान आडवी रेघ मारून रद्द करायला हवं होतं. मी संध्याकाळी वही उघडली, पट्टी घेतली, दौतीचं झाकण काढलं. पान फार सुंदर दिसत होतं. पुढच्या महिन्यात तिची वेगळी गोष्ट लिहू, असं ठरवून मी झाकण लावलं. कारण एवढंच. दुसरं काही मोठं कारण असतं तर आज लिहायला सोपं गेलं असतं.

बुधवारी मिससाहेब आल्या. त्यांनी वही पूर्ण वाचली. एकोणिसाव्या पानाशी मोठ्यानं हसल्या आणि मग मला बातमी सांगितली. नगरच्या बोर्डिंगात लहान मुलींचा नवा वर्ग निघणार होता. राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. प्रत्येक बालवर्गातून एक मुलगी घ्यायची आणि वह्या वाचूनच ती निवडायची.

"ही चिंचोक्यांची मुलगी," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "हे तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"हो," मी म्हणाले.

वाट्या मी पाहिल्या होत्या, चिंचोके पाहिले होते, मुलीला उभं राहिलेलं पाहिलं होतं. ही पळवाट त्या क्षणीच माझ्याकडे तयार होती. ओसरीत मावशी पाणी शिंपडत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, हेही माझ्या मनात येऊन गेलं. मिससाहेबांनी कंपाउंडरच्या मुलीचं नाव त्यांच्या कागदावर लिहिलं.

शनिवारी आयाबाया बाजारावरून परतताना शाळेत डोकावत. आपल्या मुलाचं काय लिहिलंय ते मी त्यांना मराठीत सांगावं, अशी पद्धत होती. खुरपणीवाली कधी येत नसे. त्या शनिवारी ती आली, पाटीत मिरच्या आणि मीठ, पदराला धरून मुलगी.

"बाई, माझ्या पोरीचं बी हाय का त्यात?"

"आहे ना."

"मंग वाचा की. समद्यांचं वाचता, आमचंच का ऱ्हायलं?"

मी तिचं पान उघडलं. चार ओळी. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि चिंचोक्यांची गोष्ट सांगायला लागले. खरी गोष्ट, मावशीनं सांगितली तशी. तिनं एकेका मुलापुढं चिंचोका कसा ठेवला, मग गोळा करून आत कशी गेली, एका चिंचोक्याला एक वाटी कशी घेतली. चार ओळी संपल्या तरी गोष्ट संपली नव्हती. माझं बोट कोऱ्या कागदावरून पुढं सरकत राहिलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मुलगी बोटाकडे बघत होती.

"येवढं समदं लिवलंय?"

"हो."

"माजी पोर लई कामाची हाय, मला ठावं हुतं." मग तिनं विचारलं, "मंग नगरला हिला का न्हाई नेली? ती दवाखान्याची पोर चाल्लीया म्हनत्यात."

"जागा एकच होती."

"आसंल बाई. पर लिवलंय न्हवं? मंग बास."

पुढच्या महिन्याची गोष्ट मी लिहिलीच नाही. त्याआधीच आईनं तिला धाकट्या भावाला सांभाळायला शेताच्या बांधावर बसवलं. मी एकदा त्यांच्या घरी जाऊन आले. आई म्हणाली, "यील की, भाऊ चालाया लागला की यील." ती आली नाही. बोर्डिंगात गेली असती तर पुढं काय झालं असतं, ते मला सांगता येत नाही. कंपाउंडरची मुलगी शिकून नर्स झाली, चांगली नर्स झाली. तिचा यात काही दोष नव्हता. 'चिंचोके मी मांडले' असं ती कधी म्हणाली नव्हती. तसं मी लिहिलं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी बेलापूरच्या बाजारात खुरपणीवाली मला दिसली. शेजारच्या बायकांना तिनं हाताला धरून माझ्यापुढं आणलं.

"ह्याच त्या बाई. ह्यांनी माझ्या पोरीचं विंग्रजीत लिवलंय. पानभर!"

"व्हय बाई?" एकीनं विचारलं.

मी मान डोलावली आणि वांगी निवडत राहिले.

थोरले, तुझ्या लेकाच्या बाईंवर मी संशय घेत नाही. पण पुढचा कागद आला की बांध घालताना शेजारी आणखी कोण होतं, एवढं त्याला विचार. दगड कदाचित दुसऱ्याच कुणाला सुचले असतील.

मिससाहेब मायदेशी परत गेल्या. बालवर्ग बंद झाला. खोल्या नंतर पाडल्या. नोकरी सोडताना ती वही मी जमा करायला हवी होती, पण केली नाही. ती माझ्याबरोबर सासरी आली आणि आता इथं नगरच्या सावेडीत, कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. पाठीला कसर लागली आहे, शाई तपकिरी झाली आहे. एकोणिसावं पान आणि तिचं चार ओळींचं पान, दोन्ही अजून वाचता येतात.