नारळ फोडेल तो जबाबदार

आमच्या 'सुसाट'च्या सगळ्या कॅसेटी बुरशी लागून कधीच गेल्या. किस्से मात्र गेले नाहीत. उलट दर भेटीत एखादा वाढतोच, आणि जो त्या दिवशी शूटिंगला नव्हता तोच तो सगळ्यात रंगवून सांगतो!

'सुसाट' म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या केबलवर दर रविवारी सकाळी लागणारा गाड्यांचा कार्यक्रम. मालक, निर्माता, दिग्दर्शक सगळं एकच, वसंतशेठ. मूळ धंदा केबलचा. पराग निवेदक, मी कॅमेरा. आणि प्रत्यक्षात मोटारसायकल उडवायला दत्तू. हा चांदवडकडचा गडी पूर्वी जत्रेत मौत का कुआँमध्ये गाडी फिरवायचा. संपली टीम! सेफ्टी नावाचं खातं आमच्याकडे नव्हतं. नारळ होता.

*

पहिला स्टंट अंबडला, एका रिकाम्या प्लॉटवर. लोखंडी रिंगणाला गोणपाट गुंडाळलं, वर रॉकेल ओतलं आणि पेटवलं. परागने उत्साहाच्या भरात नारळ फोडला. दत्तू आगीतून आरपार गेला, केससुद्धा करपला नाही. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर ते रिंगण हळूच कलंडलं आणि शेजारच्या नव्या कोऱ्या गाडीच्या बॉनेटवर जाऊन पडलं. गाडी शेठच्या मेव्हण्याची!

मेव्हणा थयथयाट करत आला. "याला जबाबदार कोण?"

शेठने शांतपणे आमच्याकडे पाहिलं. "नारळ कोणी फोडला रे?"

"मी," पराग म्हणाला.

"मग झालं तर!"

झालं. त्या दिवसापासून 'सुसाट'चा कायदा ठरला. नारळ फोडेल तो जबाबदार. गंमत म्हणजे नारळाशिवाय शूटिंग सुरू करायची हिंमतही कोणात नव्हती.

*

मग काय, शूटिंगच्या दिवशी जो तो आजारी! कोणाचा खांदा धरलेला, कोणाच्या बोटाला चिरा. परागने तर सरळ सुतक लावून घेतलं. काका वारले, शुभकार्याला हात लावता येत नाही.

"अरे, काका मागच्या शूटिंगलाही वारले होते ना?" शेठ म्हणाले.

"ते थोरले. हे मधले."

शेठ कसले हार जातायत! गंगापूर रोडच्या पुढे कालव्याकाठी शूटिंग होतं. एक रिटायर्ड गुरुजी छत्री घेऊन फिरायला निघाले होते. शेठने त्यांना अदबीने थांबवलं. "गुरुजी, तुमच्यासारख्या ज्येष्ठांच्या हाताने व्हावं अशी आमची इच्छा." गुरुजी गहिवरले. दगडावर एका फटक्यात नारळ फोडला, वर आम्हाला दोन शब्द मार्गदर्शनही केलं. दत्तू फळीवरून कालवा ओलांडायला निघाला. मध्यावर फळी मोडली, आणि गाडीसकट दत्तू पाण्यात!

दत्तू पोहून आला, गाडी राहिली आत. शेठ वळून म्हणाले, "गुरुजी, आता कसं करायचं?"

गुरुजी म्हणाले, "मी तर खोबऱ्यासाठी थांबलो होतो!" आणि त्या वयात जे काय चालत सुटले म्हणता! छत्री तिथेच राहिली. ती पुढे बरेच दिवस आम्ही कॅमेऱ्यावर धरायचो.

*

हेल्मेट एकच होतं, ते परागकडे. कॅमेऱ्यासमोर उभा राहून तो म्हणायचा, "मित्रांनो, सुरक्षितता सर्वांत महत्त्वाची!" मागून दत्तू डोक्याला उपरणं गुंडाळून हवेत.

मी एकदा न राहवून म्हणालो, "शेठ, उडी तर दत्तू मारतोय."

"पण दिसतो पराग!" शेठ म्हणाले.

अँब्युलन्स म्हणजे गादी टाकलेला एक टेम्पो. पिंपळगावजवळ शूटिंग असताना टेम्पोवाल्याने सकाळीच गादी गुंडाळून आत कांदे भरले होते, कारण बाजार समितीत लिलाव होता. आम्हाला हे कळलं ते दत्तू पडल्यावर. त्याचा खांदा निखळला होता. त्याला उचलून कांद्यांवर निजवलं आणि म्हणालो, "पळव दवाखान्यात!"

"आधी लिलाव," टेम्पोवाला म्हणाला. "नंबर हुकला तर कोण जबाबदार?"

आमच्या कायद्याने रसवंतीवाला! नारळ त्या दिवशी एका रसवंतीवाल्याकडून फोडून घेतला होता. दत्तू बाजार समितीत कांद्यांवर आडवा. व्यापारी माल बघायला आले की आधी दत्तूकडे बघायचे. एकाने तर विचारलं, "हा काय विकायचा हाय का?"

"घेऊन जा," दत्तू कण्हत म्हणाला, "पर खांदा बसवून द्या."

हे आम्ही अजून हसत हसत सांगतो. दत्तूचा तो हात मात्र पुढे कधी डोक्याच्या वर गेला नाही.

*

एकदा एक हवालदार शूटिंग बंद करायला आले. "परवानगी कोणाची? काय झालं तर जबाबदार कोण?" शेठने एक नाही, दोन नाही, त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि हातात नारळ दिला. "तुमच्या शुभहस्ते, साहेब!" हवालदार लाजले. टोपी सारखी केली, कॅमेऱ्याकडे बघून नारळ फोडला.

दत्तू गाडीला किक मारता मारता हळूच म्हणाला, "साहेब, आमच्यात नारळ फोडंल त्यानंच निस्तरायचं असतंय."

हवालदारांचा चेहरा पांढराफटक. दुसऱ्या क्षणी ते गाडीपुढे हात पसरून उभे! "माझ्या अंगावरून गाडी घाल, पण उडी मारू नको रे बाबा! रिटायरमेंट तोंडावर आलीय माझी!" मग त्यांनी स्वतः उडीसाठी मांडलेले ड्रम हलवून बघितले, गाडीचे ब्रेक दाबून बघितले, वाटेतले खडे लाथेने उडवले. शेवटी दत्तूला रसाचा ग्लास पाजून घरी पाठवलं.

दत्तूने हे घरी जाऊन बायकोला साग्रसंगीत सांगितलं म्हणे. मंदावहिनी हसल्या नाहीत, असं तोच म्हणाला.

*

आणि मग चांदवड. मोठ्या मैदानात कांद्याचे टेम्पो ओळीने उभे, त्यांच्यावरून उडी. टायरवाल्याने पहिल्यांदाच जाहिरात दिली होती, त्यामुळे शेठ नव्या सफारी सुटात. उडीसाठीची चढण मांडववाल्याकडच्या फळ्यांची. दत्तूच्या गावाहून माणसं ट्रॅक्टर भरभरून आलेली. त्यांच्यात मंदावहिनी, कडेवर मुलगी. दत्तूचा खांदा अजून दुखत होता. ते त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं.

नारळाची वेळ आली. परागचे धाकटे काका गेले. माझ्या खांद्यावर कॅमेरा. हवालदार बोलावूनही आले नव्हते. गावातला एकही माणूस पुढे होईना. त्यांना दत्तूने सगळं सांगून ठेवलं होतं!

"आना इकडं," दत्तू म्हणाला. "मीच फोडतो. पडनार बी मीच."

त्याने नारळ घेतला, तेवढ्यात मंदावहिनी मुलीला सासूकडे देऊन पुढे आल्या. त्याच्या हातातून नारळ काढून घेतला आणि शेठसमोर धरला.

"शेठ, तुमी फोडा."

"अहो वहिनी, माझं काय, मी आपला..."

"मालक तुमी. फोडा. मी हितंच उभी हाय."

सगळं मैदान बघतंय. शेठने नारळ घेतला. दगडापर्यंत गेले आणि थांबले. वळून चढणीपाशी आले, फळीवर पाय देऊन बघितला. फळी करकरली. शेठ खाली उतरले, टेम्पोंकडे बघितलं.

"शेवटचा काढा रे," म्हणाले.

टेम्पो निघाला. शेठ पुन्हा दगडापाशी गेले. हात वर नेला, खाली आणला. "अजून एक काढा." मग अजून एक. लोक शिट्ट्या मारायला लागले. टायरवाला कपाळाला हात लावून खाली बसला. शेठ फिरून परागपाशी आले, त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट उतरवलं आणि स्वतःच्या हाताने दत्तूला घातलं. पट्टा ओढून बघितला, पुन्हा ओढून बघितला. मंदावहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"चढण काढा," शेठ म्हणाले.

चढण निघाली. शेवटचा टेम्पोही मैदानाबाहेर गेला. समोर नुसती सपाट जमीन राहिली. मग कुठे शेठने नारळ फोडला.

दत्तूने किक मारली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गाडी चालवत नेली. मी सगळं शूट केलं. माणसं ट्रॅक्टरवर चढून शिव्या देत होती.

टाळ्या एकट्या मंदावहिनींनी वाजवल्या.