पालेलच्या टेकडीकडे पाहणारे दोघे

रोज सकाळी दिगंबर कारखानीस बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून उंबऱ्यावर आपटायचे. मग आत हात घालून चाचपायचे आणि त्यानंतरच पाय सरकवायचे.

"अहो, कलकत्त्याच्या भवानीपुरात दुसऱ्या मजल्यावर विंचू भाड्याने राहत नाहीत," सुनीती म्हणायची.

"नसतील," नवरा म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपटायचा.

युद्ध संपून सात वर्षं होत आली होती. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, पालेलच्या टेकडीपाशी, ते इंग्रजांच्या हिंदी फौजेतून लढले होते, पण हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेर ते सांगत, युद्धात मी पुण्याला लष्करी गोदामात होतो. आता ते शहराच्या टोकाला, बेहालातल्या एका लहानशा कंपनीत माहितीपटांचे कॅमेरामन होते. तागाच्या गिरण्या, देवीची लस, निर्वासितांच्या वसाहती, जे सांगितलं जाईल ते टिपायचं. कॅमेऱ्याच्या काचेला डोळा लावला की छातीतली धडधड खाली बसायची. दिवसभरात तेवढाच काय तो विसावा.

कंपनीतला संकलक शरच्चंद्र त्यांच्याहून लहान. आझाद हिंद फौजेतून परतलेला. दर जानेवारीत, नेताजींच्या जयंतीला, गल्लीतले लोक त्याला हार घालायचे. आपण याच्या समोरच्या खंदकात होतो हे कळलं, तर इथे आपल्याला जागा राहणार नाही, असं दिगंबरांना वाटे. आणि तो कॅमेरा हातातून गेला तर पुढे काय, हे त्यांना सुचत नसे.

कळलं ते हुगळीकाठच्या बजबज गावी. नदीकाठी चित्रण चालू असताना एक रिकामं तेलाचं पिंप होडीतून निसटलं आणि दगडांवर आदळलं. हमाल नुसते वळून बघत राहिले. हे दोघे मात्र चिखलात पालथे पडले होते, कोपरं अंगाखाली, गाल जमिनीला. कॅमेरा बाजूला पडून दिलेली चावी संपेपर्यंत गवत टिपत राहिला.

शरच्चंद्रने तोंडावरचा चिखल पुसला. "दिगंबरबाबू, पुण्याच्या गोदामात हे शिकवायचे?"

दिगंबर फार थकले होते. खोटं बोलायलाही बळ लागतं. "पालेलला होतो," ते म्हणाले.

कुठल्या बाजूला, हे शरच्चंद्रने विचारलं नाही. त्याच्या बाजूचा माणूस इतकी वर्षं कशाला लपवेल?

त्यानंतर कित्येक दिवस तो बोलला नाही. रिळं घ्यायचा आणि पाठ फिरवायचा. दिगंबरांनी नोकरी सोडायचं मनाशी ठरवलंही. मग एका दुपारी, फिल्मचे दोन तुकडे चिकटवता चिकटवता, मान वर न करता शरच्चंद्र म्हणाला, "तुमच्या बाजूला कुणीतरी फार खोकायचं. आम्ही त्या खोकल्यावर नेम धरायचो."

"त्या पावसात सगळेच खोकायचे. मीही."

"म्हणजे चुकला आमचा नेम."

"तुमचे बरेच चुकले."

शरच्चंद्र हसला. पण जोड वाकडा बसला.

यावर फिल्म करायची, हे त्यानेच काढलं. टेकडीवर जायचं नाही, बंदुका दाखवायच्या नाहीत. कंपनीच्या मागच्या अंगणात एक बाकडं टाकायचं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने कॅमेरा चालवायचा, मग अदलाबदल. शरच्चंद्र भुकेपोटी उकडून खाल्लेल्या रानपाल्याबद्दल बोलला. दिगंबर काटेरी तारेपलीकडे पडून राहिलेल्या एका पोराबद्दल बोलले. अंगावरचे कपडे चिखलाने असे माखले होते की तो कुणाच्या बाजूचा हे कळत नव्हतं. कुणीच त्याला उचललं नाही. हे त्यांनी सुनीतीलाही कधी सांगितलं नव्हतं.

कंपनीत फिल्म लावली आणि मालक उखडले. पडद्यावर दोघे एकमेकांशी बोलताहेत असं वाटायला हवं, तर एकाने डावीकडे पाहायचं, दुसऱ्याने उजवीकडे. नवशिकाही हे विसरत नाही. दिगंबर विसरले होते. दोघेही डावीकडेच बघत होते.

"अहो कारखानीसबाबू, इतकी वर्षं काय केलंत? उद्या पुन्हा घ्या!"

त्या पोराबद्दल पुन्हा एकदा सांगणं दिगंबरांच्याने होणार नव्हतं.

"नाही घेणार," शरच्चंद्र म्हणाला. "टेकडी एकाच बाजूला होती. दोघंही तिकडेच बघत होतो. नको असेल तर यांच्याबरोबर माझंही बोलणं काढून टाका."

मालक पुटपुटत निघून गेले. फिल्म तशीच राहिली. काही शाळांत, एकदोन क्लबांत दाखवली गेली. टाळ्या पडल्या नाहीत. दिगंबरांचा थकवा गेला नाही, पण आता ते चारचौघांत विचारलं तर पालेलचं नाव घेत.

१९५७च्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी शरच्चंद्र मुक्कामाला आला होता. पहाटे दोघांना नदीवरचं ऊन टिपायला जायचं होतं. जेवून तो बाहेरच्या खोलीत लवंडला. दिगंबर खिडकीशी उभे राहून आभाळ बघत होते. अंथरुणाकडे वळता वळता सुनीतीला म्हणाले, "सकाळी ढग असले तर शरच्चंद्रला उठवू नकोस. झोपू दे."