देवकापुढचं उष्टं

खर्डीचा देवराम मुंबईच्या एका हॉटेलात बँडच्या पेट्या वाहायचा. तिथल्या गोवेकर वादकाने त्याला सॅक्सोफोन शिकवला आणि गावी परतताना आपला जुना सॅक्सोफोनही देऊन गेला. सन बेचाळीसपर्यंत देवराम त्याच बँडच्या मागच्या रांगेत बसून साहेबांच्या नाचाला स्विंगच्या विलायती धुना वाजवत होता. त्याचे खालचे सूर जात्याच्या घरघरीसारखे आधी छातीत जाणवत, मग कानात. त्या उन्हाळ्यात बँडमास्तरने त्याला पहिल्यांदाच एकट्याने वाजवायला एक तुकडा दिला. सगळा खालच्या सुरांचा.

तो वाजवायची पाळी येण्याआधी टोकावड्याला मेहुण्याचं लग्न होतं. देवराम वाद्य घेऊन गेला. मंडपात कुळाचं देवक बसलेलं. त्याने पेटी उघडताच सासू अंबूबाईने नाकाला पदर लावला.

"जावयबापू, ही नळी तोंडात घालता ना? त्या गोऱ्यांच्या दारूच्या हॉटेलात? असली उष्टी वस्तू देवकाम्होरं नाय चालायची."

"मामी, रोज फडक्यानं पुसतो मी."

"फडक्यानं उष्टं जातं का?"

देवराम नदीवर आंघोळीला गेला. परतला तेव्हा सॅक्सोफोन घंगाळात उभा होता, खालचा अर्धा भाग चिंचेच्या पाण्यात बुडालेला. मेहुणी चंद्रकला राखेने वरचा भाग घासत होती.

"बघा दाजी, आमची समई पण एवढी नाय चमकत!"

त्याने तो उचलला. आतून पिवळट पाणी गळालं. भोकं झाकणाऱ्या चामड्याच्या गाद्या फुगून लिबलिबीत झाल्या होत्या. वाजवल्यावर वरचे सूर निघाले. खाली नुसती हवा फुसफुसली.

"हे पितळेचं भांडं नाय गो," तो म्हणाला.

"मग काय सोन्याचं?"

सगळा मंडप हसला.

युद्धामुळे विलायती गाद्या मिळत नव्हत्या. गावठी चामडं चिकटवून पाहिलं, ते हवा धरेना. हॉटेलात त्याची पाळी आली तेव्हा वाद्य खोकलं. नाचणारे थांबून हसले. बँडमास्तरने तो तुकडा क्लॅरिनेटवाल्याला दिला, आणि मागच्या रांगेतली खुर्चीही गेली.

देवराम मुरबाडच्या लग्नाच्या बँडात लागला. वरातीला वरचे सूर पुरतात. वाजंत्र्यांना पंगती उठल्यावर उकिरड्याच्या अंगाला वाढत. खरवडीचा भात, वर गार आमटी. अशाच एका लग्नात अंबूबाई भेटली.

"आता कसं सनईवानी गोड वाजतं, जावयबापू! आतली सगळी घाण गेली." मग पत्रावळीकडे बघून म्हणाली, "इथं काय बसलाव? तुमी जावई. आत चला."

देवराम उठला नाही. माशा हाकलत त्याने तो भात तिथेच संपवला.